घासलेला मोर

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, शपथेवर सांगतो. पूर्वी तगर नगरात राजा सुकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व नाणेपारख्यांच्या कुळात जन्मला होता. आता नगर तगरच होते की पलीकडचे एखादे, आणि राजा सुकेतू की त्याचा भाऊ, हे विचारू नका. ते मी अंदाजाने सांगतो आहे. पण गोष्ट खरी.

बोधिसत्त्वाचे तेव्हाचे नाव सोमिल. पेठेच्या तोंडाशी राजाने त्याच्या बापाला एक छप्पर दिले होते, त्याखाली तो बसे. समोर दिवसभर माणसांची रीघ.

"दादा, हे जुनं आहे, म्हणजे महाग असणार ना?"

"याला भोक आहे. भोकाचे काही जास्त येतात का?"

"तुम्हीच घेता, की कुठल्या दुकानात नेऊ?"

सोमिलाचे केस पांढरे झाले, प्रश्न तेवढे काळेभोर राहिले. तो फार दमला होता. घरी बायकोने भाजी काय करू असे विचारले, तरी तो सवयीने म्हणे, "आधी उजेडात धर बघू."

अशात राजाला जुन्या नाण्यांचा नाद लागला. बुडालेल्या एका राजवंशाचे, मोराची छाप असलेले रुप्याचे नाणे तेवढे त्याला मिळत नव्हते. त्याने दवंडी पिटवली की, छाप शाबूत असलेले खरे नाणे जो आणील, त्याला पेठेतले रिकामे दुकान मिळेल. खरेखोटे सोमिल सांगेल.

लगेच जंभक नावाचा दुकानदार छपराखाली आला. "पारखी, तुमच्या छपरावर माझ्या खर्चाने कौलं घालतो. दरबारात तुम्ही नुसती मान हलवायची."

"कुठल्या बाजूला?" सोमिलाने विचारले, आणि पुढच्या माणसाचे नाणे हातात घेतले.

दरबारात दोघेच आले. जंभकाने काळेकुट्ट नाणे पुढे केले. दुसरी आली कोटिका, जंभकाच्याच दुकानाच्या पायरीवर लाह्या विकणारी म्हातारी. सण झाला की पायरी सोड, असे त्याने तिला बजावले होते, आणि पेठेत जागा नसलेल्याला बसू देत नसत. तिने पदराची गाठ सोडली. नाणे असे लखलखले की प्रधानाने डोळे मिचकावले.

"आईचं आहे," ती म्हणाली. "राजाच्या हातात द्यायचं, म्हणून चिंच नि राख लावून चांगलं घासलंय. मळ म्हणून ठेवला नाही, दादा."

सोमिलाने नाणे तिरपे धरले. कडेला पिसाऱ्याचे दोन ठिपके उरले होते. बाकी सगळे गुळगुळीत. राजाची नजर अधू होती. सोमिलाने नुसते "मोर आहे" म्हटले असते, तर म्हातारीला दुकान मिळाले असते. ते खोटे बोधिसत्त्वाच्या जिभेवर येऊन बसले आणि बराच वेळ बसून राहिले.

मग तो म्हणाला, "महाराज, काळं नाणं नवं आहे. शेणात पुरून काळं केलंय. अजून वास येतो."

"वास माझ्या हाताचा आहे!" जंभक ओरडला. दरबार हसला.

"पांढरं नाणं खरं आहे. पण छाप गेली. आता त्याची किंमत त्यातल्या रुप्याइतकीच."

"गेली म्हणजे?" कोटिका म्हणाली. "मी तर मळ काढला."

"मळाबरोबर मोरही निघाला, आजी."

हे त्याने जन्मभर अनेकांना सांगितले होते. या वेळी मात्र त्याने नाणे दोन्ही हातांनी तिला परत दिले.

"मग दुकान कुणालाच नाही," राजा म्हणाला.

कोटिकेने नाणे पुन्हा पदरात बांधले. जाता जाता तिने सोमिलाला विचारले, "पायरीवरून उठवलं की मी बसू कुठं, तेवढं सांगता का?"

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

"महाराज," तो म्हणाला, "माझं छप्पर हिच्या नावावर करा."

"आणि तू?"

"मला बाहेर बसूनही पारखता येतं."

राजाने होकार दिला. सोमिल हसत उठला, पेठेत गेला, आपला तराजू उचलला आणि छप्पर सोडून उन्हात जाऊन बसला. माणसे त्याला शोधत तिथेही आलीच. "दादा, हे जुनं आहे, म्हणजे महाग असणार ना?"

"दाखवा," तो म्हणाला.

ही गोष्ट आपल्या भिक्षूंना सांगून शास्ता, म्हणजे त्यांचे गुरू भगवान, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे तुमच्यातला हा पेंगणारा. जंभक म्हणजे भिक्षापात्र रोज चकचकीत ठेवणारा, तो कोण हे तो जाणतो. 'पुन्हा तोच प्रश्न' म्हणून आज जिला तुम्ही दारातून परत पाठवलंत, ती म्हातारी कोटिका. आणि पारखी मीच." सत्य न सोडता आपली सावली देऊन टाकणे, याला दानपारमिता म्हणतात.

शपथ घेतलीच आहे, तर एक सांगून टाकतो. सोमिल हसत उठला, एवढे माझ्या पदरचे आहे. तो नुसता उठला.