तानीने धुतलेले कपडे

खूप जुन्या काळी एका राज्यातून एक रुंद नदी वाहत असे. नदीच्या अलीकडे पाच गावं होती, पलीकडे वैद्याचं घर होतं. राजाच्या आजोबांनी नदीवर एक नाव ठेवली होती. कुणीही यावं, तिच्यात बसावं आणि पलीकडे जावं. नावाड्याच्या पोटापाण्याचं दरबार बघत असे.

एके वर्षी राजाने फर्मान काढलं. खजिना आटला आहे, नावेचा खर्च आता झेपत नाही. नाव ओढत नेऊन राजवाड्याच्या घाटाला बांधून टाकली. राजवाड्यावर मात्र पाचवा मजला चढतच होता.

पाचही गावांची माणसं म्हाताऱ्या नावाड्याच्या अंगणात जमली. बरीच बोलाचाली झाली आणि ठरलं, की नाव परत मिळेपर्यंत राजवाड्याचं काम कुणी करायचं नाही. कुंभाराने मडकी द्यायची नाहीत, तेल्याने तेल घालायचं नाही, परटांनी कपडे धुवायचे नाहीत. सगळ्यांनी शपथ घेतली आणि जो तो आपापल्या घरी गेला.

त्या घोळक्यात वरच्या गावची परटीण तानी होती. घरात ती आणि तिची सासू, दोघीच. सासूला दम्याचा विकार होता. आठवड्याला वैद्याचं औषध मिळालं नाही, तर म्हातारीला रात्रंदिवस बसून काढावे लागत. तानीने शपथ मनापासून घेतली होती. पण सासूचं काय, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी राजाचा कारभारी तिच्या दारात आला. सणाचा दरबार जवळ आला होता आणि राजवाड्यात धड एक स्वच्छ अंगरखा नव्हता. तानीने कपडे धुऊन दिले, तर तिच्या सासूला दर आठवड्याला त्याच नावेतून पलीकडे पोचवू, असं तो म्हणाला. कुणाला कळणार नाही, हेही म्हणाला. आत सासू धापा टाकत होती. तानीने गाठोडं घेतलं.

भर दुपारी, पाणवठा ओस पडल्यावर, तिने ते कपडे धुतले आणि करवंदीच्या जाळीमागे वाळत घातले. पुढच्या आठवड्यात सासू नावेत बसली. नाव सुरू झाली का, असं तिने विचारलं, तेव्हा तानी हो म्हणाली.

कारभारी मात्र ते पांढरेशुभ्र अंगरखे घेऊन गावोगाव हिंडला. तुमच्यातलीच माणसं कामाला लागली आहेत, तुम्ही कशाला उपाशी राहता, असं दारोदार सांगू लागला. कुणी धुतले, ते त्याने सांगितलं नाही. त्याची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी कुंभाराने मडकी पाठवली, तिसऱ्या दिवशी तेल्याने तेल. आठवडाभरात सगळं मोडलं.

लोकांनी आपापसात तर्क केला आणि संशय खालच्या गावच्या चिमणावर गेला. चिमणाही परटीणच, विधवा बाई, तिचं घर राजवाड्याच्या जवळ. तिने नाही म्हणून सांगून पाहिलं, कुणी ऐकेना. लोकांनी तिला कपडे देणं सोडलं, तिच्या ओट्यावर कुणी बसेना. तानी पाणवठ्यावर हे सगळं ऐकायची आणि मान खाली घालून कपडे आपटायची.

मग एके दिवशी तेल्याची सून बाळंतपणात अडली. माणसं तिला बाजेवर घालून काठापर्यंत आली. हाका मारमारून घसे बसले, पण नाव आली नाही. सून कशीबशी वाचली, मूल गेलं.

त्या बाजेवरची वाकळ धुवायला तानीकडेच आली. पाण्यात घातली तेव्हा पाणी लाल झालं. दुसऱ्यांदा पिळली, तिसऱ्यांदा पिळली, तरी तिला ती स्वच्छ झाली असं वाटेना. घरी येऊन तिने सासूला सगळं सांगून टाकलं.

म्हातारीने हातातली औषधाची पुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी ज्या नावेत बसत होते, तिच्यात त्या पोरीला जागा नव्हती का गं?"

म्हातारी पुन्हा त्या नावेत बसली नाही.

थोड्याच दिवसांत दुसरं फर्मान आलं. दरबार वैद्याला जो खर्च देत असे, तोही आता बंद होणार होता. म्हाताऱ्या नावाड्याने पुन्हा सगळ्यांना बोलावलं. या वेळी निम्मी माणसंसुद्धा आली नाहीत. आली तीही एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत बसली. चिमणा आली, तेव्हा तिच्या बाजूची दोघं उठून दुसरीकडे गेली.

तेव्हा तानी उभी राहिली.

"चिमणाने काही केलं नाही. राजवाड्याचे कपडे मी धुतले," ती म्हणाली.

तेल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो उठून निघून गेला. तानीला वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. तिने सासूचं सगळं सांगितलं, पण ते सांगतानाही तिला लाजच वाटत होती, कारण तेल्याच्या सुनेपुढे ते कारण तिलाच तोकडं वाटत होतं.

चिमणा म्हणाली, "माझ्या ओट्यावर इतके महिने कुणी पाय ठेवला नाही. ते मी विसरायची नाही. पण आज बोललीस. आता बस खाली."

म्हातारा नावाडी पुढे सरकला. तो म्हणाला, "आपण शपथा घेतल्या आणि घरी जाऊन जेवलो. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाची चूल पेटायची नाही, हे कुणी कुणाला विचारलं? तिने चूक केली. पण कारभाऱ्याला तिच्या घरची अडचण ठाऊक होती, आणि आपल्याला नव्हती. त्याची लाज आपल्यालाही वाटायला हवी."

त्या दिवशी शपथ झाली नाही. प्रत्येकाने आपल्या घरची अडचण उघड सांगितली. ज्यांच्याकडे दाणे होते त्यांनी ते एकत्र केले. पोहणाऱ्यांनी सुक्या भोपळ्यांचा तराफा बांधला आणि पाळीपाळीने औषधं आणायचं कबूल केलं. आजाऱ्यांच्या यादीत तानीच्या सासूचं नाव पहिलं होतं. ते ऐकताना तानीला वर बघवेना.

मग पाचही गावांनी पुन्हा काम थांबवलं. महिन्याने कारभारी तानीच्या दारात आला. या वेळी त्याने आणखी बरंच काही देऊ केलं.

"हे चौकात येऊन सगळ्यांसमोर बोला," तानी म्हणाली आणि शेजाऱ्यांना हाका मारू लागली. कारभारी घाईघाईने निघून गेला. दुसऱ्या चार घरीही त्याला हेच ऐकायला मिळालं.

राजवाड्यात तेल संपलं, घागरी फुटल्या, अंगरखे मळले, पाचव्या मजल्याचे गवंडीही घरी बसले. अखेर राजाने नाव परत केली आणि वैद्याचं फर्मानही मागे घेतलं.

चिमणा आणि तानी पुढे एकाच पाणवठ्यावर धुणं धुऊ लागल्या. तेल्याची सून मात्र तानीशी जन्मात पुन्हा बोलली नाही. तानीनेही तिच्याकडे कधी माफी मागितली नाही. मागायला आपल्याला तोंड नाही, हे तिला माहीत होतं.

ऐकणाऱ्यांनो, यातून घ्यायचं ते इतकंच: जे एकमेकांची अडचण आधी वाटून घेतात, त्यांचीच एकजूट टिकते.