आग्रहाच्या गावातला ससा

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही ज्याची आठवण नसेल अशा काळी, एका डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गाव लहान, पण त्याची कीर्ती मोठी, आणि ती होती आग्रहासाठी. त्या गावातून पाहुणा उपाशी गेला असे कधी झाले नाही. खरे सांगायचे तर पाहुणा स्वतःच्या पायांनी नीट चालत गेला, असेही क्वचितच झाले.

तिथली रीत अशी, की पाहुण्याला "वाढू का?" असे विचारायचे नाही. विचारणे म्हणजे कद्रूपणा. ज्याला मनापासून वाढायचे आहे तो विचारत बसत नाही, वाढतो. आणि पाहुणा "नको" म्हणाला तर ते ऐकायचे नाही. त्याने पानावर आडवा हात धरला, तर त्या हातावरच तुपाची धार सोडायची आणि सगळ्या पंक्तीने हसायचे.

अशा त्या गावातही सर्वांच्या पुढे होत्या भिवराकाकू. देवीच्या उत्सवात गावजेवण होई, तेव्हा तुपाची पहिली धार वाढण्याचा मान त्यांचा. आधी तो त्यांच्या सासूचा होता. काकूंसमोर "पुरे" म्हणून कुणी जिंकल्याचे कुणाला आठवत नव्हते. काका म्हणत, "हिच्या दारी यम जरी आला, तरी आधी लाडू खाईल, मग ओसरीवर घोरत पडेल, आणि रेडा बिचारा एकटाच परत जाईल."

काका-काकूंना मूलबाळ नव्हते. होता तो एक ससा. गवत कापताना काकांना बांधाच्या कडेला एक आईवेगळे पिल्लू सापडले होते, मुठीत मावेल एवढे. काकूंनी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून त्याला जगवले. अंगाने पांढराशुभ्र, नाकावर तेवढा एक काळा ठिपका, म्हणून त्याचे नाव तिळू.

त्या काळी प्राणी माणसांशी बोलत असत. पण त्यांचा एक नेम होता. कुणी विचारले तरच बोलायचे, आपणहून नाही.

तिळू साऱ्या गावाचा लाडका होता. शेजारच्या ठकूवहिनी त्याला करंजीचा तुकडा भरवत. देवळातला गुरव येता-जाता पेढा ठेवी. कुणी शिरा आणी, कुणी गुळाची पोळी. तिळू सगळे खाई. "कसा गुणी आहे!" लोक म्हणत. "कशाला म्हणून नाही म्हणत नाही!" काकूंचा ऊर भरून येई.

आणि एका सकाळी तिळूने तोंड फिरवले.

काकूंनी दूधभाकरी कुस्करून पुढे केली. त्याने हुंगलीसुद्धा नाही. त्यांनी गूळ दिला, साजूक तुपातला शिरा दिला. "एकच घास. माझ्यासाठी. हा एवढाच, बाळा." तिळू कोपऱ्यात अंग चोरून बसला आणि त्याने जबडा घट्ट मिटून घेतला.

"तुझ्या तावडीतून सुटलेला हा पहिलाच पाहुणा," काका म्हणाले. काकू हसल्या नाहीत. मग काकाही हसले नाहीत.

तिळूने अन्न सोडल्याची बातमी गावभर झाली. गाव माणुसकीचे होते. घरोघरीच्या वाट्या काकूंच्या ओसरीवर येऊन दाखल झाल्या.

"तोंडाची चव गेली असेल हो त्याच्या," ठकूवहिनी म्हणाल्या. "माझे अनारसे द्या. आमच्या मामंजींनी शेवटच्या दुखण्यातसुद्धा आवडीने खाल्ले होते."

"मग?" काकांनी विचारले.

"मग काय, गेले. पण तृप्त होऊन गेले!"

दुपारपर्यंत तिळूचे कान गार पडले. पोट ढोलासारखे टणक झाले. तो बसल्या जागी कुडकुडत दात खात होता, आणि सकाळपासून त्याची एक लेंडीही पडली नव्हती. जो ससा खात नाही आणि ज्याचे पोट चालत नाही तो फार काळ तग धरत नाही, हे काकांना ठाऊक होते. काकूंनीही ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखले.

काकूंनी आता लाडवाचा कण घेतला. डाव्या हाताने तिळूचे डोके धरले आणि बोटाने त्याचा ओठ वर केला. तेव्हा त्यांना जाणवले, की तो थरथरतो आहे. आजाराने नव्हे. तो त्यांच्या हाताला भीत होता. ज्या हाताचा त्यांना जन्मभर अभिमान वाटला, त्या हाताला.

काकूंनी लाडू खाली ठेवला. हात पदराला पुसले. त्या जमिनीवर बसल्या, तिळूच्या डोळ्यांच्या पातळीला आल्या, आणि त्या गावात कुणी कुणाला न विचारलेली गोष्ट त्यांनी विचारली.

"तिळू, बाळा, हे हवंय का तुला?"

"नको," तिळू म्हणाला.

सुकलेले पान घासावे तसा त्याचा आवाज होता. काकू दचकल्या. मग जन्माची सवय जिभेवर आली. "नको म्हणजे... थोडंसं?"

"नको म्हणजे नको, आई."

"मग इतके दिवस का खाल्लंस रे?"

"तुम्ही सगळे मायेनं देत होता. आणि नको म्हटलेलं इथे कुणी ऐकतं का? पंक्तीतल्या पाहुण्यांचे हाल मी ओसरीवरून बघतोच की. म्हणून मी तोंड मिटलं. तेवढंच माझ्या हातात होतं."

काकूंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. पण रडत बसायला वेळ नव्हता. "मग तुला हवंय तरी काय?"

"ठाऊक नाही. आधी या वाट्या ने इथून. वासानंच पोट ढवळतंय."

काकूंनी साऱ्या वाट्या उचलल्या. मग त्यांनी एकेक गोष्ट आणायला सुरुवात केली, आणि प्रत्येक वेळी विचारले. कोथिंबिरीची काडी हवी? नको. गाजर? नको. भोपळ्याचे कोवळे पान? नको, नको. दर नकाराबरोबर त्यांच्या मनाला चरे पडत होते. पण त्यांनी तो नकार खाली पडू दिला नाही. प्रत्येक नकोबरोबर ती वस्तू उचलली आणि बाजूला नेली. ज्या बाईने आयुष्यात कधी माघार घेतली नव्हती ती एका सशापुढे पुन्हा पुन्हा माघार घेत होती. खरे मोठेपण असेच दिसते.

शेवटी काका उठले आणि बांधाकडे गेले. जिथे तिळू सापडला होता तिथले वाळलेले गवत त्यांनी मूठभर उपटून आणले. पिवळे, राठ, काडीसारखे.

"हे?" काकूंचा जीव कासावीस झाला. "अहो, हे तर म्हैससुद्धा मागे सारते. लेकराला देण्यासारखी वस्तू आहे का ही?"

"मला कशाला विचारतेस?" काका म्हणाले.

काकूंनी ते तिळूपुढे नेले. "हे हवं?"

तिळूचे नाक हलले. सकाळपासून पहिल्यांदा. "ठेव इथे," तो म्हणाला. "बघतो."

नेमक्या त्याच वेळी अंगणात गलका झाला. पाटलीणबाई आल्या होत्या, आणि त्यांच्यामागे अर्धे गाव. त्यांच्या हातात चांदीची वाटी होती.

"भिवरा, सरक बाजूला," त्या प्रेमाने म्हणाल्या. "बासुंदी आणलीय. देवीपुढे ठेवून आणलीय. माझ्या हातून दोन चमचे पोटात जाऊ देत, बघ कसा टुणकन उडी मारतो!"

काकू दारात उभ्या राहिल्या. "नको, बाई."

सगळे हसले. पाटलीणबाईही हसल्या. नको तर कुणीही म्हणते. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. काकूंनी दोन्ही हात चौकटीला लावले.

"खरंच नको, बाई. त्याला नकोय. मी विचारलं त्याला."

हसू थांबले.

"विचारलंस?" पाटलीणबाईंनी हा शब्द असा उच्चारला, की काकूंनी चोरीच केली असावी. "भिवरा, आमच्या घरची वाटी भरलेली परत गेली, असं या गावानं कधी पाहिलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"परवा गावजेवण आहे. माझी वाटी परत करणारा हात तुपाच्या भांड्याला लागणार नाही. बघ, विचार कर."

पंक्तीचा तो मान हीच काकूंची गावातली ओळख होती. त्यांनी वळून आत पाहिले. बासुंदीच्या वासाने तिळूने नाक भिंतीकडे केले होते.

"नाही लागला तर नाही लागला, बाई," काकू म्हणाल्या. "पण वाटी आत येणार नाही."

शत्रूला अडवणे त्या मानाने सोपे असते, कारण त्याच्या हातातली तलवार दिसते. जो हातात बासुंदी घेऊन मायेने दारी येतो, त्याला अडवायला काळीज लागते. त्या दिवशी ते काळीज भिवराकाकूंनी दाखवले.

पाटलीणबाई भरली वाटी घेऊन परत गेल्या. गाव त्यांच्यामागून गेले.

त्यानंतर काकूंनी दुसरे काही केले नाही. बोटावर पाण्याचा थेंब घ्यायचा, तिळूला विचारायचे, हो म्हणाला तर द्यायचा. गार कान तळहातात धरून ऊब द्यायची. हलक्या हाताने पोट चोळायचे, दुखते म्हणाला की थांबायचे. थोडे अंगणात चालू द्यायचे. गवताची मूठ जवळ होती. तिळू तिच्याकडे बघे, एखादी काडी तोंडात धरे, सोडून देई.

गावजेवणाचा दिवस उजाडला. देवळाकडून ढोल ऐकू येऊ लागले. लोक काकूंच्या दारावरून गेले, पण कुणी आत पाहिले नाही. तुपाचे भांडे घेऊन ठकूवहिनी गेल्या. जाताना त्यांची मान खाली होती.

"तुम्ही तरी जा जेवायला," काकू काकांना म्हणाल्या.

"नको."

"खरंच नको, की मी आग्रह करू?"

"खरंच नको," काका म्हणाले. आणि संसाराला लागल्यापासून पहिल्यांदाच काकूंनी त्यांचे म्हणणे खरे मानले. दोघे ओसरीवर तिळूजवळ बसून राहिले.

पंक्तीचा श्लोक सुरू झाला तेव्हा काकूंना बाजूने एक आवाज आला. कुर्र. कुर्र कुर्र.

तिळू काडी चावत होता.

काकूंचा हात आपोआप गवताच्या मुठीकडे गेला, आणखी चार काड्या पुढे सरकवायला. तो त्यांनी मधेच आवरला आणि मांडीखाली दाबून धरला. जन्मभराच्या सवयीवर बसणे सोपे नसते, पण त्या बसल्या. तिळूची काडी संपली. त्याने क्षणभर विचार केला. मग आपणहून दुसरी घेतली.

संध्याकाळच्या आत काका अंगणातून ओरडले, "अगं, लेंडी! लेंडी पडली!" मुलगा झाल्याची बातमीही कुणी इतक्या आनंदाने दिली नसेल.

काही दिवसांनी, भर दुपारी, पाटलीणबाई एकट्याच आल्या. अंगणात तिळू उड्या मारत होता. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"लोक सांगत होते. मला खोटं वाटलं," त्या म्हणाल्या.

काकूंच्या मनात राग नव्हता. त्यांनी चटई टाकली. सवयीने आत जाऊन त्यांनी ताटली काढली, डब्याचे झाकण उघडले. आणि तशाच रिकाम्या हाताने त्या बाहेर आल्या.

"बाई, तुम्हाला काही आणू का? की नको?"

पाटलीणबाई चमकल्या. लग्न होऊन या गावात आल्यापासून त्या ज्या घरी गेल्या त्या घरी खाल्ल्याशिवाय उठल्या नव्हत्या. तो त्यांचा मान होता. हवे का, असे त्यांना एवढ्या वर्षांत कुणी विचारले नव्हते.

"राग नाही ना येणार तुला?" त्यांनी हळूच विचारले.

"नाही येणार."

"मग नको गं. सकाळपासून घरोघरी खाऊन आलेय. दम लागलाय मला." आणि हे बोलता बोलता त्यांनी पदराने कपाळ पुसले. "फक्त बसते थोडी. चालेल?"

"बसा की," काकू म्हणाल्या, आणि खरोखरच काही आणायला उठल्या नाहीत.

पाटलीणबाई भिंतीला टेकल्या, पाय पसरले आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा पाटलीणपणा हळूहळू उतरला, आणि त्याच्याखालून एक दमलेली, साधी, प्रेमळ बाई दिसू लागली.

घरी जाऊन त्यांनी सर्वांत आधी आपल्या सुनेला विचारले, की तुला काय हवे आहे. मग इतर घरांतही लोक एकमेकांना विचारू लागले, आणि उत्तर येईल ते मानू लागले. अन्न कमी झाले नाही, माया तर वाढलीच. पूर्वी वाटसरू आग्रहाच्या धास्तीने त्या गावाला वळसा घालून जात. आता ते मुद्दाम वाट वाकडी करून मुक्कामाला येऊ लागले.

तात्पर्य: देण्यात माया असतेच, पण देण्याआधी विचारण्यात आणि मिळालेला नकार मानण्यात त्याहून मोठी माया असते.