ठकूबाईचं ऊन

फार वर्षांपूर्वी, आमच्या पिंपळढवला बैलगाडीचीही धड वाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावात मंजुळा गुरवीण राहायची. नवरा गेलेला, पोटी लेकरू नाही. घरात सोबतीला एक कासव, दगडोबा. मंजुळानं हाक मारली की तो मान वर करून बघायचा, असं म्हणतात.

एका पौषात दगडोबा अचानक आजारी पडला. डोळे मिटलेले, मान लोंबलेली, नाकातून फुगे. मेथीचं पान पुढं धरलं तरी तोंड उघडेना. गाव गोळा झालं. आमचे शहाणे पूर्वज म्हणाले, "देवळात देवासमोर कासव असतं, म्हणजे हा देवाचाच. यानं समाधी लावली!" लगेच नारळ फुटले, टाळ वाजू लागले.

मंजुळा ओरडली, "कसली समाधी? माझं लेकरू मरतंय!"

तिनं दगडोबाला टोपलीत घातलं आणि सहा कोस चालत माळावर ठकूबाई धनगरणीकडं गेली. ठकूबाईचा हात लागलेलं मेंढरू दगावत नसे, अशी तिची ख्याती. कासव मात्र तिनं कधी तपासलं नव्हतं. तिनं दगडोबाला पोटाशी धरलं. तो गार लागला. घोंगडीत गुंडाळून ती त्याला घेऊन मंजुळासोबत गावात आली.

"ह्यो रोज बसायचा कुठं?" तिनं विचारलं. मंजुळानं अंगणातला दगड दाखवला. दुसऱ्या दिवशी ठकूबाई त्याच दगडावर बसली, ती दिवस कलेपर्यंत. आजारी कासव आणि वैदीण नुसती बसून! गाव हसलं. ती उठली आणि थेट पाटलांपुढं उभी राहिली. पाटलांनी दिवाळीत मंजुळाच्या अंगणालगत दोन पुरुष उंच भिंत घातली होती.

"पाटील, तुमच्या भिंतीनं ह्याचं ऊन खाल्लं. भिंत काढा."

"एका कासवापायी?"

"कासवापायीच. माणसाला तोंड हाय, ते भांडंल. ह्यानं कुणाला सांगावं?"

सकाळी ठकूबाईनं भिंतीला हात लावला आणि भिंत आपोआप बसली, असं म्हणतात. माझा आजा मात्र सांगायचा, पहिली पहार खुद्द पाटलांनी घातली आणि मग अख्खं गाव भिडलं, टाळकऱ्यांसकट. मला आज्याचंच खरं वाटतं. त्यात गावाची शोभा जास्त आहे.

सूर्य त्या दिवशी थांबला, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही. गुरं परतायची वेळ टळली तरी ऊन अंगणातून हलेना. ठकूबाई दगडोबाला कोमट पाण्याच्या परातीत धरून बसली होती. त्यानं डोळे उघडले, मान वर केली, मेथीचं पान ओढलं, तेव्हा कुठं दिवस मावळला. मंजुळा ठकूबाईच्या गळ्यात पडून रडली.

आजही आमच्याकडं घर बांधायचं तर गवंडी आधी शेजारच्या अंगणात जातो. नव्या भिंतीच्या उंचीचा बांबू रोवतात आणि शेजारीण पाट टाकून दिवसभर बसते. बांबूची सावली तिच्यापर्यंत पोचली, तर भिंत तेवढी खाली येते. याला आम्ही 'ठकूबाईचं ऊन सोडणं' म्हणतो. बाहेरगावचे इंजिनिअर हसतात. हसू देत. पिंपळढवात अंधारं अंगण एक दाखवा म्हणावं.