सगळे बसले का?

माझी सून बाळंतपणात अडली, तेव्हा मी नदीपलीकडच्या तरणाई देवीला नवस बोलले होते, "दोघं सुखरूप राहू देत, मी ओटी भरायला येईन आणि नावेत सगळ्यांच्या शेवटी बसेन." शेवटी बसण्यात कसला नवस, असं तुम्हा पाहुण्यांना वाटेल. नाव लागते त्या या उताराची गोष्ट अशी सांगतात.

पूर्वी गावकुसाबाहेरच्या माणसांना या नावेत जागा नव्हती. त्यांनी मागचा दोर धरून पाण्यातून यायचं. नावाडी होता सुभाना. "सगळे बसले का?" असं विचारून "बसले" ऐकल्याशिवाय वल्हं मारायचं नाही, हा त्याच्या घराण्याचा नेम. दोर धरून येणारी माणसं मात्र त्या 'सगळ्यां'त कधी धरली नाहीत.

एकदा नदी फुगलेली असताना गावकुसाबाहेरची येसू तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन आली. वैद्य पलीकडे. ती सरळ नावेत जाऊन बसली.

"उठ गं, नाव बाटवलीस."

"एवढ्या पाण्यात याला कसं घालू, दादा?"

"बसू द्या, राणीसाहेब आहेत," कुणीतरी टोमणा मारला आणि सगळे खाली उतरले. तिला ओढून काढावं, तर विटाळ होणार. म्हणून हात कुणीच लावेना. गावाच्या धाकाने सुभानाही वल्हं उचलेना. तिची माणसं दोर सोडून काठावर बसून राहिली.

दिवस कलला. लेकरू मांडीवरच गेलं.

"आता तरी ऊठ बाई," सुभाना रडवेला होऊन म्हणाला. "आता कुणासाठी बसलीस?"

"माझं गेलं. बाकीच्यांची आहेत ना अजून."

तेव्हा सुभानाची बायको लाडी, पोटुशी, नावेत चढली आणि येसूला खेटून बसली. नावाड्याच्याच घरची बसलेली बघून मग एकेक करत उतरलेलेही परत आले. सुभानाने सवयीने विचारलं, "सगळे बसले का?"

येसूने काठाकडे पाहिलं. "नाही."

सुभाना जागेवरून उठला. मग काठाकडे वळून म्हणाला, "या, बसा."

ती माणसं बसली, तेव्हा कुठे येसू "बसले" म्हणाली. सोडलेला दोर म्हणे तेव्हा धारेच्या उलट, वर वाहत गेला. त्या येसूचंच पलीकडे तरणाई म्हणून ठाणं आहे.

आजही नावाडी विचारतो, तेव्हा इथे कुणी लगेच उत्तर देत नाही. तुम्हीही आज चढाल तेव्हा आधी मागे वळून काठाकडे बघा. कुणी उभं दिसलं तर सरकून जागा करा, आणि मगच म्हणा, "बसले."