धनसराआमाचा विटाळ

"कायदा आहे ना तुमच्या देशात?"

"आहे," धनसराआमा म्हणाली.

"मग तुम्ही गप्प का बसलात?"

"कायदा खाली जिल्ह्याच्या गावाला राहतो. इथवर चढून यायला त्याला दीड दिवस लागतो."

डॉ. केतकी बोरवणकरचं डोकं तडकलं. नेपाळच्या या पश्चिम डोंगरातल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात ती कोल्हापूरहून आली होती, तीन महिन्यांसाठी, बिनपगारी, स्वतःच्या हौसेने. इथे येणारा प्रत्येक डॉक्टर सत्तरीच्या धनसराआमाकडून काहीतरी शिकून जातो, असं तिला सांगितलं होतं. चाळीस वर्षं या डोंगरातली बाळंतपणं तीच करत होती, म्हणून ती सगळ्यांची 'आमा', म्हणजे आई.

आज मात्र केतकीला ती भित्री वाटली.

मुखिया जयबहादुरची सून, बिसना, पाच दिवसांची बाळंतीण. विटाळ म्हणून तान्ह्या मुलीसकट गोठ्यात ठेवलेली. अंगात ताप, खाली ओली जमीन. केतकीने तिला गोठ्याच्या दारात बसवून, हातमोजे घालून तपासलं, इंजेक्शन दिलं. मग अंगणात उभं राहून मुखियाला गावादेखत झाडलं. अडाणी म्हणाली, पोलिसांचं नाव घेतलं.

मुखियाने दार लावून घेतलं. बिसना गोठ्यातच राहिली.

"तुम्ही त्याला घाबरता, आमा."

आमाने कांबळं खांद्यावर टाकलं आणि गोठ्याकडे चालू लागली. केतकी मागोमाग गेली.

दार कमरेइतकंच होतं. आमा गुडघ्यांवर रांगत आत शिरली. बिसनाचं डोकं मांडीवर घेतलं, मुलीला चोळीच्या आत छातीशी धरलं.

"येतेस, छोरी?"

"औषध दिलंय मी. आत बसून काय होणार?"

आमाने बिसनाच्या अंगावर कांबळं ओढलं.

ती चार वाजता बाहेर आली. केसांत गवत, लुगड्याला शेण. उकळलेल्या पाण्याने आणि साबणाने तिने कोपरापर्यंत हात धुतले, आणि मुखियाच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. त्याच्या पायाला साखरेच्या आजाराची जखम होती. तीन वर्षं रोज या वेळी आमा ती धुऊन पट्टी बांधायची. तिच्यामुळेच पाय शाबूत होता.

"जयबहादुर, हात साबणाने धुतलेत. पण विटाळ साबणाने जात नाही म्हणतोस तू... आत येऊ?"

कुंपणापाशी माणसं जमली.

मुखियाने केतकीकडे बोट केलं. "तू नको. ही डाक्टरनी बांधेल."

केतकीने आमाकडे पाहिलं. आमा तिच्याकडे बघतच नव्हती.

केतकी वळली. गोठ्यापाशी गुडघे टेकले आणि आत शिरली. विझत आलेल्या शेकोटीच्या धुराने डोळे चुरचुरले. छत डोक्याला लागलं. बिसनाने मुलगी तिच्या हातात दिली. मुठीत मावतील एवढे गार पाय... केतकीने ते आपल्या गळ्याशी धरले. ऊब येईपर्यंत धरून ठेवले.

मग ती बाहेर आली. तिनेही साबणाने हात धुतले आणि आमाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बांधते की! आम्ही दोघीही तयार आहोत, मुखियाजी. कुणाचे हात हवेत, सांगा."

मुखियाने पायाकडे पाहिलं. कुंपणाकडे पाहिलं.



कुणीतरी खोकलं.

"या," तो पुटपुटला.

आमा जागची हलली नाही. "जिचा विटाळ आम्हाला लागला, ती आधी."

मुखियाने तोंड भिंतीकडे फिरवलं. घरात त्याच्या बायकोने चुलीजवळ घोंगडी अंथरली.

आधी आमाच्या छातीशी मुलगी आत गेली. मग केतकीच्या खांद्यावर भार देऊन बिसना. मग आमाने खाली बसून पट्टी सोडली, जखम धुतली, नवी बांधली. नेहमीसारखीच, हलक्या हाताने.

दवाखान्यात परतल्यावर केतकीने लगबगीने चुलीवर हंडा चढवला. तिला आमाच्या पाया पडायचं होतं, पण धीर होत नव्हता.

"आमा, पाणी तापलंय. अंघोळ करून घ्या."

आमा औषधांची पिशवी भरत होती. केसांतलं गवत तिने काढलं नव्हतं.

"आत्ताच अंघोळ?" ती पिशवी उचलत म्हणाली. "बाया गोठ्यात ठेवणारी अजून सहा घरं शिवायची राहिलीत."