घैसासांचं गिऱ्हाईक

नाशिकच्या एका कंपनीने गोळ्यांची वेळ झाली की घंटा वाजवणारं अ‍ॅप काढलं होतं. तिथे खाती दोन. ग्राहकांचं ऐकून घेणारं खातं वृषाली तोरणेचं, आणि ग्राहकांना सांगत सुटणारं श्रीरंग घैसासांचं. घैसासांचा शब्द मालकांच्या लेखी ब्रह्मवाक्य.

एकदा भर मीटिंगमध्ये घैसास कडाडले, "ऐकणारं खातं बंद करा! बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं."

मालकांनी मान डोलावली. वृषालीने शांतपणे विचारलं, "सर, तुमच्या आई वापरतात आपलं अ‍ॅप?"

"कुठली! दर रविवारी सांगतो. ऐकेल तर शपथ."

"म्हणजे बोलणारे तुमच्यासारखे, गिऱ्हाईक सख्खी आई, वर माल फुकट. तरी खपला नाही. आता एकदा ऐकून बघता?"

हशा पिकला. घैसासांनी इरेला पेटून आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आई, ते अ‍ॅप का गं वापरत नाहीस?"

"अरे, घंटा वाजली की वाटतं, तुझाच फोन आला. हातातलं टाकून धावत येते, तर गोळीची आठवण! म्हणून काढूनच टाकलं."

हशा विरला. घैसासांनी चष्मा काढून पुसला आणि वृषालीला म्हणाले, "खातं राहू दे. घंटेच्या जागी काय करायचं, ते सांग."

आता गोळीच्या वेळी आईंच्या फोनवरच्या अ‍ॅपमधून लेकाचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो, "आई, गोळी घेतलीस का?"

आणि आई रोज त्या फोनला उत्तर देतात, "घेतली रे. तू जेवलास का?"