ईदचा शुक्राना

“नको म्हणाला? ईदच्या दिवशी?”

“तोंडावर, उस्ताद. सगळ्या कॅम्पसमोर. ‘साहेब, माझ्या वाटणीची बिर्याणी दुसऱ्या कोणाला द्या.’ आणि उठून गेला.”

मुख्तार हुर्जुक अजून धुमसत होता.

हर्णैहून मस्कतला येऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती. आता तो एका बांधकाम कंपनीत मोठा सुपरवायझर होता, हाताखाली दोनशे माणसं. पण पहिली दोन वर्षं त्याने काढली ती याच खोलीत, खतीब उस्तादांच्या शिलाई मशीनशेजारी, चटईवर. उस्ताद दिवसभर कपडे शिवत आणि संध्याकाळी कोकणातून आलेल्यांना कुराण शिकवत. अजूनही शिवत होते, अजूनही शिकवत होते.

ईदला मुख्तारचा जीव गुदमरायचा. सकाळची नमाज झाली की घरी फोन. बायको पाहुण्यांच्या गडबडीत. मुलगी ‘अब्बा, नंतर बोलते हां’ म्हणायची आणि स्क्रीन काळी व्हायची. मग चार खोल्यांच्या थंडगार फ्लॅटमध्ये तो एकटा.

सहा वर्षांपूर्वी त्याला यावर इलाज सापडला. ईदच्या दुपारी बिर्याणीच्या दोन देगा घेऊन तो लेबर कॅम्पवर जायचा आणि स्वतःच्या हाताने वाढायचा. एका खोलीत दहा जण, वर तापलेला पत्रा, दोरीवर घामाने कडक झालेले कपडे... ते बघितलं की त्याच्या छातीतला गोळा विरघळायचा. अल्लाहने आपल्याला किती दिलंय! परतताना गाडीत तो शुक्रान्याची, अल्लाहचे आभार मानणारी दुवा मागायचा आणि डोळे भरून यायचे; उस्तादांना हे त्याने कितीदा सांगितलं होतं.

या वर्षी भरले नव्हते.

“नाव काय त्याचं?” उस्तादांनी विचारलं.

“युनूस. म्हाप्रळचा. मीच आणला त्याला इथे.”

“आजारी आहे?”

“नाही... आई वारली त्याची. परवा.”

उस्तादांनी हातातली सुई रिळात खोचली.

“गावी गेला नाही?”

“रजा मागत होता, पंधरा दिवसांपूर्वी. स्लॅबचं काम अंगावर होतं, उस्ताद. म्हटलं, ईदनंतर जा. म्हातारी इतक्यात जाईल हे मला काय ठाऊक?”

“पासपोर्ट?”

“ऑफिसात. सगळ्यांचेच असतात.”

उस्तादांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

मुख्तारला ती नजर टोचली. “त्याला तुमच्याकडे पाठवतो. शुक्राना कशाला म्हणतात, ते जरा शिकवा.”

“आधी तुझा ऐकू दे.”

“माझा?”

“गाडीत मागतोस ती दुवा. मोठ्याने माग. एक शब्द गाळू नको.”

मुख्तार हसला. उस्ताद हसत नाहीत हे पाहून त्याने टोपी नीट केली आणि हात उचलले.

“या अल्लाह, तुझा शुक्राना. तू मला हक्काचं घर दिलंस, दहा जणांत कोंबलं नाहीस...”

“पुढे.”

“तू मला सावलीत बसवलंस, उन्हात सळया वाकवायला लावल्या नाहीस...”

“पुढे.”

“मनात आलं की मला विमानात बसता येतं. माझी आई अजून...”

त्याची जीभ अडखळली.

खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला ईद मुबारक म्हणत होतं. उस्ताद वाट बघत राहिले.

“तुम्हीच तर शिकवलंत,” शेवटी मुख्तार म्हणाला. “आपल्याहून कमी ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे बघावं. मग शुक्राना आपोआप येतो.”

“शिकवलं होतं. तेव्हा तू माझ्या चटईवर झोपायचास. कोणाची रजा तुझ्या हातात नव्हती.”

“मग आता काय, शुक्रानाही करू नको?”

त्याचे हात तसेच वर होते, रिकामे. उस्ताद पुढे सरकले. त्यांनी त्याचे उघडे तळवे एकेक करून मिटले आणि खाली आणून त्याच्याच मांडीवर ठेवले. लहान मुलाचे ठेवावेत तसे.

मुख्तारची कानशिलं तापली. एकोणीस वर्षांत त्याची दुवा कोणी अर्ध्यावर थांबवली नव्हती.

“उद्या त्याला विमानात बसवतो,” तो घाईघाईने म्हणाला. “तिकीट माझ्याकडून. पासपोर्ट आत्ता जाऊन काढतो. मग तरी...”

“मग तरी काय?”

“मग तरी तो शुक्राना...”

वाक्य त्याच्या स्वतःच्याच कानांना ऐकू आलं. जायला म्हणून तो उठला, पण दारापर्यंत पाऊल निघेना.

“उस्ताद, काहीतरी बोला.”

उस्तादांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

“तू त्याच्याकडे बघून शुक्राना केलास, मुख्तार. त्याने आपल्याहून कमी म्हणून कोणाकडे बघायचं... तुझ्याकडे?”